क्रोशाचं ब्लँकेट त्रिकोणी का होतंय, आणि मुंबईतल्या बाळाला स्वेटर करायचा का

आधी तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहिते. धाकट्या बहिणीला डिसेंबरमध्ये बाळ होणार, ती कांदिवलीला, तू मालाडला, नोकरी चर्चगेटला. व्हिडिओ बघून क्रोशा शिकलीस, बाळासाठी ब्लँकेट घेतलंस करायला, १२० टाक्यांनी सुरुवात, २२ ओळी झाल्यावर पसरून बघितलं तर दोन्ही कडा आत आत चाललेल्या, मोजले तर ९८च टाके. शिवाय दोन सुयांवरचा स्वेटर करायचाय, त्यासाठी अर्धा किलो लोकर आणून ठेवलीयेस, सुई कितीची घ्यायची कळत नाहीये, आणि ऑफिसातली एकजण म्हणते ऑर्डरी घ्यायला लाग, तर पैसे किती सांगायचे.

काकू म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. लग्न होऊन बोरिवलीला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या महिन्यात हातात क्रोशाची सुई दिली, ती काही सुटली नाही. १९९२ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हापासून रिटायर होईपर्यंत त्या गाडीत मी किती रुमाल, टोपडी, मोजे केले त्याचा हिशोब नाही. त्यामुळे जे सांगते ते चुकून चुकून शिकलेलं आहे.

त्रिकोणाचं पहिलं बघू कारण ते सगळ्यात सोपंय. तूच आकडे दिलेस बघ, १२०चे ९८ म्हणजे २२ गेले, आणि ओळी किती, २२. म्हणजे दर ओळीला नेमाने एक टाका गळतोय. हात वाईट असता तर कधी दोन गेले असते कधी शून्य, इतका चोख हिशोब बसतो तेव्हा हात उत्तम असतो आणि समजण्यात एकच चूक असते. ती चूक म्हणजे ओळ वळवताना घालतो त्या ३ साखळ्या. खांबाच्या (अमेरिकन व्हिडिओतला डबल क्रोशे) विणीत त्या ३ साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. तो खांबासारखा दिसत नाही, बारीक दोरीसारखा कडेला पडून राहतो, म्हणून पुढची ओळ संपवताना आपण त्याला टाका समजतच नाही आणि एक खांब आधीच वळतो. झालं, एक टाका गेला. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला तेच, म्हणून दोन्ही कडा आत येतात.

तर करायचं असं की ३ साखळ्या घालून वळलीस की त्यांच्या बुडाशी असलेला टाका सोडायचा, पुढच्या टाक्यापासून खांब घालायचे, आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या त्या ३ साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत एक खांब घालायचाच घालायचा. सुई तिथे पटकन जात नाही, बोटाने जरा ओढून भोक मोठं करावं लागतं, आळस करू नको. सुरुवातीला वळल्या वळल्या त्या वरच्या साखळीत एक सेफ्टी पिन अडकवून ठेव, परत येताना पिन दिसली की इथे एक खांब बाकी आहे हे कळतं. १० ओळी अशा केल्यास की पुढे पिन लागणार नाही.

अजून एक प्रकार असतो, टाके मोजले तर बरोब्बर १२० आणि तरी कड करवतीसारखी. ते म्हणजे सुरुवातीला बुडाच्या टाक्यात एक जास्तीचा घालायचा आणि शेवटचा खायचा, दोन चुका एकमेकींना झाकतात. तुझं तसं नाहीये पण पुढे कधी झालं तर आठवेल.

आता २२ ओळींचं काय, तर उसव. वाईट वाटतं माहितीये, पण क्रोशा उसवण्याइतकं सोपं दुसरं काही नाही, एकच लूप जिवंत असतो, ओढत सुटायचं. काहीजणी सांगतील की कडेने बॉर्डर मारून झाकता येतं, नाही झाकत गं, कमरेपासून खांद्यापर्यंत वाकडं असलेलं बॉर्डरने सरळ कसं होईल.

व्हिडिओ कुठल्या देशाचा आहे तेही बघ. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकेचा डबल तो इंग्लंडचा ट्रेबल, सगळं एकेक पायरीने सरकलेलं. आपल्याकडची जुनी पुस्तकं बहुतेक इंग्लंडच्या पद्धतीची आणि आताचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेचे, त्यामुळे मुलींचं डोकं फिरतं. ओळखायची खूण अशी की पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल हा शब्द आला की तो अमेरिकन, कारण इंग्लंडवाल्या तो शब्द सहसा वापरत नाहीत. मी अजून वहीत मुका खांब (अमेरिकेचा सिंगल), अर्धा खांब, खांब, लांब खांब असंच लिहिते, त्यात देश बदलला म्हणून काही बदलत नाही.

क्रोशा का दोन सुया, हा वाद नाहीचे खरं तर, दोन वेगळं कापड देतात. दोन सुयांचं कापड ताणतं, अंगाबरोबर हलतं, पातळ होतं, म्हणून स्वेटर, मोजे, अंगात घालायचं सगळं तिकडे. क्रोशाचं कापड जाड, जागच्या जागी बसणारं, ताण कमी, म्हणून ब्लँकेट, पिशव्या, खेळणी, तोरण, चौरंगावरचा रुमाल इकडे. आणि तेवढ्याच आकाराला क्रोशा साधारण एक-तृतीयांश जास्त लोकर खातो, हे दुकानात जायच्या आधी लक्षात ठेव. तुझ्यासारखीला, जिला सकाळची ८ची फास्ट पकडायचीये, तिला गाडीत क्रोशाच बरा. मधेच अंधेरी आली, उठायला लागलं, तर लूप जरा मोठा ओढून पिनेत अडकवायचा आणि पिशवीत टाकायचं, काही सुटत नाही. दोन सुयांवर सगळेच टाके उघडे असतात, बाजूचीने उठताना धक्का दिला आणि सुई सरकली की त्यातले १५ खाली घरंगळले, मग सांताक्रूझपासून चर्चगेटपर्यंत ते उचलत बसा. शिवाय लांब स्टीलच्या सुया शेजारणीच्या कुशीत जातात, माझं एकीशी यावरून भांडण होऊन मग पुढे तिच्याच नातीचं टोपडं मी केलं तो भाग वेगळा. गाडीत विणायचंच असेल तर वायर लावलेली गोल सुई घे, तिच्यावर सरळ ओळी पण विणता येतात, दोन्ही टोकं आखूड असतात आणि वजन मांडीवर राहतं.

गाडीसाठी अजून चांगली युक्ती म्हणजे तुकडे. १२० टाक्यांचं अखंड ब्लँकेट तिसऱ्या आठवड्यात एवढं जड होतं की पर्समध्ये मावत नाही. त्याऐवजी १२ सेंटीमीटरचे चौकोन कर, ६ गुणिले ७ म्हणजे ४२ चौकोन, जोडून साधारण ७२ बाय ८४ सेंटीमीटर होतं, बाळाला भरपूर. जाता येता एक चौकोन. तुकड्यांनी काय होतं बघायचं असेल तर २०१६च्या जानेवारीत चेन्नईला मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स नावाच्या ग्रुपने ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट करून गिनीजमध्ये नाव लावलं, तेही गावोगावच्या बायकांनी घरी केलेले चौकोन जोडूनच. फक्त तो नेहमीचा मोठ्या भोकांचा ग्रॅनी स्क्वेअर तान्ह्या बाळाला नको, त्याबद्दल खाली येते.

आता स्वेटर. तुझी बहीण कांदिवलीत राहते, बाळ डिसेंबरात येणार. मुंबईतली थंडी म्हणजे काय, जानेवारीत पहाटे पारा १६-१७ला गेला की पेपरात फोटो येतो, आणि बाळ जेमतेम अडीच महिन्यांचं होतंय तोवर मार्च, घामोळ्यांचा सीझन सुरू. तू रात्री जागून विणलेला स्वेटर ते बाळ फार तर ८-१० वेळा घालेल आणि त्यातल्या निम्म्या वेळा फोटोसाठी. आमच्या सासूबाई मे महिन्यातसुद्धा कुंची बांधायच्या नातवाला, तो लालबुंद होऊन रडायचा आणि त्या म्हणायच्या भूक लागली असेल. बाळाला थंडीइतकाच उकाडा पण त्रास देतो, त्याला स्वतःला काढून टाकता येत नाही ना.

म्हणून माझं सांगणं असं की ह्या डिसेंबरला सुती गोष्टी कर आणि स्वेटर पुढच्या डिसेंबरसाठी कर, वर्षाच्या बाळाच्या मापाचा. तेव्हा ते महाबळेश्वरला जातील, नाशिकला लग्नाला जातील, कुठे ना कुठे लागेल, आणि तुलाही शिकायला वर्ष मिळेल.

घरात असलेली अर्धा किलो लोकर, तिच्यावर कागदाची पट्टी आहे का बघ. शंभरातल्या नव्वद वेळा ती अॅक्रिलिक असते. आपण दुकानात लोकर म्हणतो आणि ते लोकर म्हणून देतात पण मेंढीचा संबंध नसतो. वर्धमान, ओसवाल, गंगा हे सगळे दोन्ही करतात, म्हणून नाव बघून नाही, पट्टीवरचे टक्के वाचून घ्यायचं. पट्टी हरवली असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघ. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि ज्योत काढली की विझते, राख बोटाने चुरते. सूत कागदासारखं जळतं आणि करडी मऊ राख. अॅक्रिलिक भरभर पेटतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला काळा कडक मणी होतो. गरम असताना हात लावू नको, चिकटतं.

अॅक्रिलिक वाईट असं मी म्हणत नाही, नाक मुरडणाऱ्या बऱ्याच आहेत. स्वस्त, रंग पक्के, मशीनला टाकता येतं, कसर लागत नाही. पण घाम पीत नाही, आणि मुंबईत तोच तर मुद्दाय. त्यामुळे ती लोकर पुढच्या वर्षीच्या स्वेटरला ठेव (वर्षाच्या मुलाला २०० ग्रॅम खूप झाली), उरलेल्यातून कुशन कव्हर नाहीतर दाराचं तोरण कर.

बाळाच्या ब्लँकेटला आणि टोपड्याला सूत घे, स्वेटरच्या लोकरीएवढ्या जाडीचे मऊ सुती धागे मिळतात आता. रुमालाला वापरतो तो अँकरचा क्रोशाचा दोरा नको, तो मर्सराइज्ड असतो, म्हणजे ताण देऊन कॉस्टिक सोड्यातून काढलेला, म्हणून चकाकतो आणि भक्कम होतो पण बाळाच्या गालाला कडक. त्याच्या नंबराचं पण सांगून ठेवते, २० नंबर जाड आणि ४० नंबर बारीक, उलटं असतं. रुखवताचे रुमाल करायला तोच लागतो, तिथे त्याला पर्याय नाही.

७२ बाय ८४च्या ब्लँकेटला ४०० ग्रॅम धर आणि सगळं एकदम घे. पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच पाहिजे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन लॉट सारखे दिसतात, घरी खिडकीशी आणल्यावर मधोमध पट्टा उमटतो. माझ्या एका शालीला असा पट्टा आहे, लोक विचारतात डिझाइन आहे का, मी हो म्हणते. एक गुंडा जास्तीचा घे, न फोडलेला परत घेतील का ते आधीच विचारून ठेव. तुला मालाडलाच पश्चिमेचं नटराज मार्केट जवळ आहे, लेस, बटणं, इलॅस्टिक तिथे बघ. आतून अस्तर लावायचं असेल तर मलमल मंगलदास मार्केटमधून आण, चर्चगेटहून जायला सोपं आहे, फक्त रविवारी जाऊ नको. ऑनलाइन रंग स्क्रीनवर वेगळा दिसतो, म्हणून पहिल्यांदा एकच गुंडा मागव.

सुयांचा नंबर. इथे जवळपास प्रत्येक नवी मुलगी फसते. आपल्याकडे दुकानात जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. अमेरिकन नंबर नेमके उलटे, तिकडे ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. तू अमेरिकन पॅटर्न बघून दुकानात ८ नंबर मागितलास तर तो प्रामाणिकपणे तुला ४ची देईल आणि स्वेटर बाहुलीचा होईल. म्हणून नंबर बोलायचाच नाही, मिलिमीटर बोलायचं. पोनीच्या सुयांवर बहुतेक मिलिमीटर छापलेलं असतं. नेहमीच्या स्वेटरच्या लोकरीला ४ मिलिमीटर मुख्य विणीला आणि बॉर्डरला सव्वातीन, क्रोशाला ४ किंवा साडेचार, इथून सुरू कर.

पण इथून सुरू कर म्हणजे इथेच थांब असं नाही, कारण खरी गोष्ट सुई नाही, हात आहे. माझा पहिला स्वेटर मी दिराच्या मुलासाठी केला, चार वर्षांचा होता, पुस्तकातलं माप जसंच्या तसं. झाला तो सातव्या वर्षी बसला. पुस्तकात काही चूक नव्हती, ज्या बाईने ते पुस्तक लिहिलं तिचा हात घट्ट आणि माझा सैल. तेव्हापासून मी कुठलीही वस्तू नमुन्याशिवाय सुरू करत नाही, आणि ह्या एका गोष्टीत मी कोणाचं ऐकत नाही.

नमुना म्हणजे ३० टाके घालायचे, १५ सेंटीमीटर उंच विणायचं, टाके बंद करायचे, धुवायचं, वाळवायचं आणि मग मधल्या भागात पट्टी ठेवून १० सेंटीमीटरमध्ये टाके किती ते मोजायचे. धुवायच्या आधी नाही, धुतल्यावर, कारण सूत आणि लोकर दोन्ही पाण्यात जाऊन आल्यावरच खरं माप सांगतात. आता वर्षाच्या बाळाची छाती साधारण ४६ सेंटीमीटर धर, आत झबलं असणार, हालचाल पाहिजे, म्हणून स्वेटर ५२चा. पॅटर्न म्हणतो १० सेंटीमीटरला २२ टाके, म्हणजे ५२ला ११४ टाके, पुढचा मागचा मिळून. तुझ्या हाताचे १० सेंटीमीटरला २०च आले तर तेच ११४ टाके ५७ सेंटीमीटर होतात. आणि २४ आले तर साडेसत्तेचाळीस, म्हणजे बाळाला चिकटून. दोन टाक्यांचा फरक गं, १० सेंटीमीटरला फक्त दोन. टाके कमी आले तर सुई बारीक घ्यायची, जास्त आले तर जाड. हात मुद्दाम घट्ट करायचा प्रयत्न करू नको, पाचव्या ओळीला विसरतेस आणि मनगट दुखतं ते वेगळंच.

पहिला स्वेटर करशील तो सगळ्या सुया सुलट ह्या विणीचा कर, म्हणजे जातानाही सुलट येतानाही सुलट. एक सुई सुलट एक सुई उलट केलं की पुढून गुळगुळीत दिसतं खरं पण कडा आत वळतात, गुंडाळी होते, आणि नव्या मुली समजतात की आपलं चुकलं. चुकलेलं नसतं, त्या विणीचा स्वभावच तो. म्हणून तर खाली २ सुलट २ उलटची बॉर्डर असते.

ब्लँकेट होईपर्यंत मधल्या वेळात टोपडं कर, एका शनिवार-रविवारचं काम आहे, आणि गोल कसा वाढतो ते एकदा त्यात कळलं की रुमाल, खेळणी, पिशवीचा तळ सगळं येतं. मुक्या खांबाचा गोल करताना पहिल्या फेरीत ६, मग १२, मग १८, मग २४, दर फेरीला ६ वाढवायचे. हे ६च का, तर मुका खांब जवळपास जितका रुंद तितकाच उंच, आणि गोलाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ सव्वासहाने वाढतो, शाळेतलं ते २ पाय आर. उंच खांब घातलास तर १२-१२ने वाढव. वाढवणं कमी पडलं की गोल वाटीसारखा वर येतो, जास्त झालं की फुलक्यासारखा फुगून झालर पडते. पॅटर्न हातात नसला तरी गोलाकडे बघून कळतं काय चुकलं.

नव्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटीमीटर असतं. टोपडं ताणून बसायला जरा लहान पाहिजे म्हणून ३२ धर, त्याला ३.१४ने भाग, १० सेंटीमीटर आलं. म्हणजे गोल १० सेंटीमीटर रुंद झाला की वाढवणं बंद, मग नुसतं सरळ विणत ११-१२ सेंटीमीटर उंचीपर्यंत जायचं. सहा महिन्यांत डोकं ४३च्या आसपास जातं, म्हणून दोन मापांची दोन कर. एवढंसं तर असतं.

आता बाळाच्या वस्तूंचं जे बाकी कोणी सांगत नाही ते. मोठी भोकं असलेली वीण नको, तान्ह्याची बोटं त्यात अडकतात आणि धागा बोटाभोवती आवळला जातो. आतली सुटी टोकं, तीच भीती, प्रत्येक टोक सुईने ५-६ सेंटीमीटर आत न्यायचं, मग उलट दिशेला, मग परत एकदा, आणि मग कापायचं, नुसती गाठ मारून कापलेलं अॅक्रिलिक तर दोन धुण्यात बाहेर येतं. गळ्याशी बांधायच्या दोऱ्या, गोंडे, मणी, टिकल्या काही नको. खेळणं केलंस तर डोळे दोऱ्याने भर, प्लॅस्टिकचे काळे डोळे निघून तोंडात जातात, तीन वर्षांपर्यंत ते नकोच. आणि ब्लँकेट मांडीवर घ्यायला, गाडीत, खाली अंथरायला वापरा, पाळण्यात एकटं झोपलेलं असताना अंगावर सैल टाकू नका, डॉक्टर पहिलं वर्षभर तेच सांगतात. बहिणीला हे तू सांग, नाहीतर मावशीने एवढं केलंय म्हणून मुद्दाम घालेल.

धुणं वाळवणं. विणलेली वस्तू दोरीवर टांगायची नाही, पाणी खाली उतरतं आणि वजनाने लांब होते, सुती तर फारच. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि पंख्याखाली चटईवर पसरायची. पावसाळ्यात मुंबईत ह्याला दोन दिवस लागतात, अर्धवट ओली कपाटात गेली की तो कुबट वास आणि काळे ठिपके, मग काही केल्या जात नाहीत. मशीनला टाकायची तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधून, थंड पाणी. खरी लोकर असेल तर हातानेच, गरम पाणी आणि चोळणं दोन्ही मिळून ती आक्रसून नमद्यासारखी जाड घट्ट होते. आणि अॅक्रिलिकला इस्त्री लावायची नाही म्हणजे नाही. मी एकदा भेट द्यायच्या आदल्या रात्री जरा सरळ दिसावं म्हणून वाफेची इस्त्री टेकवली, सगळा फुगवटा गेला आणि टोपडं ओल्या पापडासारखं लोळागोळा झालं. ते परत येत नाही, प्लॅस्टिक वितळल्यासारखंच ते.

ऑर्डरींचं विचारलंस. घेऊ नको असं नाही म्हणत, पण आधी हिशोब कर. समज ब्लँकेटला सूत ८०० रुपयांचं लागलं आणि तुझे ४५ तास गेले. आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना तासाचे किती देतो ते आठव आणि त्याच्या खाली स्वतःला लावू नको. ८० रुपये धरलेस तरी ३६०० मजुरी, म्हणजे ४४००. हे तू ऑफिसात सांगितलंस की समोरची म्हणणार अय्या, मॉलमध्ये ९००ला मिळतं. मिळतंही. दोन सुयांचं काम मशीन करतं, पण खरा क्रोशा कारखान्यात करणारं मशीन अजून बाजारात दिसत नाही, मशीनचं असतं ते क्रोशासारखं दिसणारं वेगळं कापड. म्हणजे खरा क्रोशा ९००ला असेल तर कुठल्या तरी बाईच्या ४५ तासांचे तिला काय मिळाले असतील ते तूच ठरव. मी स्वतः मोठं काही विकत नाही. टोपडी, मोजे, छोटी तोरणं, ज्याला ३-४ तास लागतात तेवढंच, आणि निम्मे पैसे आधी, ओळखीच्यांकडून तर नक्कीच आधी.

मनगट किंवा अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं तर चार दिवस बंद ठेव, डेडलाइन असली तरी. दर वीस मिनिटांनी सुई खाली ठेवून बोटं उघडझाप, गाडीत स्टेशनं मोजून करायचं.

एक शेवटचं, हे तुझ्या बहिणीच्या सासरच्यांवर आहे. बऱ्याच घरात बाळ यायच्या आधी त्याचं काही घरात आणू नये म्हणतात, त्यावरून वाद घालू नको, सगळं तुझ्याकडेच ठेव आणि बारशाला ने, १२व्या दिवशी किंवा जेव्हा करतील तेव्हा. फक्त ठेवताना डांबराच्या गोळ्या टाकू नको. त्या गोळ्या नॅप्थलीनच्या असतात, आणि काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना त्या वासाच्या कपड्यांनी तांबड्या पेशी फुटून जोरात कावीळ होऊ शकते, आणि बाळाला ते आहे की नाही हे कित्येकदा आधी माहीतच नसतं. धुऊन, खडखडीत वाळवून जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळ, वर कडुनिंबाची वाळलेली पानं ठेव, आणि द्यायच्या आदल्या दिवशी परत एकदा साध्या पाण्यातून काढ. इस्त्री नको हे आहेच लक्षात.